हजारे आणि त्यांच्या सोबतचे

प्रस्तावना

विजय हजारे हे नाव आजच्या मुलांच्या कानावर पडतं ते करंडकाचं नाव म्हणून. राज्यांच्या संघांची पन्नास षटकांची स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते, आणि तिच्यात कुणी द्विशतक ठोकलं की दोन दिवस हजाऱ्यांचं नाव सगळीकडे झळकतं. गंमत अशी की खुद्द हजारे पन्नास षटकांचा एकही सामना खेळले नाहीत. त्यांची शेवटची कसोटी १९५३ सालची. त्यांना खेळताना पाहिलेली माणसं आता फारशी उरली नाहीत. उरले आहेत ते आकडे.

आणि आकडे पाहावेत तर ते चटकन डोळ्यांत भरत नाहीत. ३० कसोटी, ५२ डाव, २,१९२ धावा, ७ शतकं, सरासरी ४७.६५. शेजारी सुनील गावसकर यांची सरासरी ठेवली तर ती ५१.१२, राहुल द्रविड यांची ५२.३१, सचिन तेंडुलकर यांची ५३.७८. विराट कोहली ४६.८५ वर थांबले. या रांगेत हजारे कुठेतरी मध्ये बसतात. पाहणारा म्हणतो, "बरे होते," आणि पुढे सरकतो. या शेऱ्याला उत्तर द्यावं म्हणून हे छोटं पुस्तक.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : फलंदाजाची सरासरी सत्तर वर्षांनंतरच्या फलंदाजाशी ताडून पाहू नये, त्याच खेळपट्ट्यांवर, त्याच गोलंदाजांसमोर, त्याच वर्षांत जे उभे राहिले त्यांच्याशी ताडावी. तसं केलं की हजाऱ्यांचे ४७.६५ भारतीय क्रिकेटमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्यांपैकी एक ठरतात.

आमच्या केळशी गावातल्या मुलांना हे पटवून द्यायला मला फार कष्ट पडत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला ओली वाळू आवळून घट्ट होते, तिथे टेनिसचा चेंडू नुसता ढकलला तरी सुसाट पळतो. वरच्या कोरड्या वाळूत तोच फटका दहा पावलांवर रुततो. भात कापून झाल्यावर मळ्यात सामने भरतात तिथली गत आणखी निराळी : ढेकळावर पडून चेंडू कुठे उडेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यामुळे आंजर्ल्याच्या किंवा आड्याच्या पोराने तीस धावा केल्या असं कुणी सांगितलं की इथला जाणता माणूस आधी विचारतो, "कुठं केल्या, आणि बाकीच्यांनी किती केल्या?" या दोन प्रश्नांवरच पुढची सगळी पानं उभी आहेत. कसोटी क्रिकेटच्या मोठमोठ्या चर्चांत मात्र हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी याची पद्धतच घालून टाकली आहे. त्या वर्षीच्या साऱ्या फलंदाजांची सरासरी कामगिरी म्हणजे १०० असं धरायचं, मैदान फटकेबाजीला सोपं की अवघड तेही हिशेबात घ्यायचं, आणि मग एकेकाचा आकडा काढायचा. बेब रूथ या खेळाडूने १९२० साली ५४ होमरन मारले. नंतरच्या काळात त्याहून जास्त मारणारे निघाले. पण त्या वर्षी रूथचा स्वतःचा संघ सोडला तर उरलेल्या पंधरा संघांपैकी फक्त एका संघाला, सगळ्या खेळाडूंचे मिळून, ५४ च्या वर जाता आलं होतं. रूथ काय चीज होता हे ५४ या आकड्यावरून कळत नाही, या शेजारामुळे कळतं. हजाऱ्यांच्या बाबतीत मी तीच वाट धरली आहे, फक्त हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल इतका साधा ठेवला आहे.

पहिलं प्रकरण हजाऱ्यांबरोबर भारताकडून खेळलेल्यांचं. ते जुळवताना एक गोष्ट समोर आली आणि पुस्तकाचा आराखडा तिथेच ठरला. हेमू अधिकारी यांची कसोटी सरासरी ३१.१४. विनू मंकड यांची ३१.४७. मुश्ताक अली ३२.२१. दत्तू फडकर ३२.३४. पंकज रॉय ३२.५६. पाच वेगळ्या घडणीचे फलंदाज, कुणी सलामीचा, कुणी मधल्या फळीतला, कुणी अष्टपैलू. आणि पाचही जण दीड धावेच्या आत दाटीने उभे. त्या काळात भारताकडून कसोटी खेळणारा चांगला फलंदाज साधारण कुठे पोचे, त्याची ही पातळी. लाला अमरनाथ यांच्यासारखा नावाजलेला खेळाडू तर २४.३८ वरच राहिला. पाच जणांची मध्यम काढली तर ती ३१.९४ येते. तिला १०० मानलं की हजारे १४९ वर जातात. चांगल्यांच्या दीडपट.

या उंचीवर त्यांच्याखेरीज दोघेच दिसतात. रुसी मोदी, १० कसोटींत ७३६ धावा, सरासरी ४६.००. आणि विजय मर्चंट, १० कसोटींत ८५९ धावा, सरासरी ४७.७२. म्हणजे मर्चंट हजाऱ्यांच्या पुढे आहेत, पण धावेच्या शंभरातल्या सात भागांनी. पॉली उम्रीगर (४२.२२) आणि विजय मांजरेकर (३९.१२) यांची कारकीर्द हजाऱ्यांच्या शेवटच्या वर्षांत सुरू होऊन साठच्या दशकापर्यंत गेली, म्हणून त्यांना मी वेगळ्या तक्त्यात ठेवलं आहे.

दुसरं प्रकरण हजाऱ्यांच्या सात मालिकांचं. सरासरी हा सपाट आकडा असतो, त्याच्या पोटात काय काय दडलंय ते मालिका उलगडल्याशिवाय दिसत नाही. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात १२३ धावा, सरासरी २४.६०. १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात ४२९, सरासरी ४७.६६. १९४८-४९ मध्ये मायदेशी वेस्ट इंडीजविरुद्ध ५४३, सरासरी ६७.८७. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध ३४७, सरासरी ५७.८३. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात ३३३, सरासरी ५५.५०. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पाकिस्तानविरुद्ध तीन कसोटींत २२३, सरासरी १११.५०. आणि १९५३ मध्ये वेस्ट इंडीजच्या बेटांवर दहा डावांत १९४, सरासरी १९.४०.

शेवटच्या ओळीवर वाचकाने जरा थांबावं. त्या दौऱ्यातच हजाऱ्यांनी अडतिसावं वर्ष पुरं केलं. शिवाय संघाचं नेतृत्वही त्यांच्याकडेच होतं. ती मालिका वगळली तर उरलेल्या २५ कसोटींची सरासरी ५५.५० भरते, आणि इंग्लंडच्या लेन हटन यांच्या ५६.६७ च्या अगदी जवळ जाते. मोह पडावा असा हिशेब आहे. पण एकाचे वाईट दिवस वगळायचे तर सगळ्यांचे वगळावे लागतील, आणि मग कुणाचंच काही सांगता येणार नाही. म्हणून पुस्तकातल्या सगळ्या तुलना पूर्ण ४७.६५ धरूनच केल्या आहेत.

उलट बाजूही झाकलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या ४२९ धावांपैकी २६१ एकट्या ॲडलेडच्या कसोटीतल्या. बाकीच्या चार कसोटी मिळून १६८. म्हणजे तो दौरा सलग चांगला गेला असं म्हणता येत नाही. पण शेजार इथेही पाहावा. त्या मालिकेतल्या ब्रिस्बेनच्या ओल्या खेळपट्टीवर भारताचा सगळा संघ ५८ आणि ९८ धावांत गारद झाला होता. ॲडलेडला ब्रॅडमन यांनी २०१ आणि हॅसेट यांनी नाबाद १९८ करून ऑस्ट्रेलियाला ६७४ पर्यंत नेलं. समोर वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ केल्या, त्यात फडकरांच्या १२३ धावांची साथ होती. फॉलोऑननंतरच्या दुसऱ्या डावात त्यांनी १४५ केल्या, तेव्हा संघाच्या एकूण धावा २७७ आणि सहा सोबत्यांच्या नावावर एकही धाव नाही. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत तो सामना एक डाव आणि १६ धावांनी हरला. याच मालिकेत ब्रॅडमनना त्यांनी दोनदा त्रिफळाचीत केलं होतं, हे जाता जाता सांगायला हवं, कारण फलंदाजीच्या तक्त्यात ते कुठेच येत नाही.

१९५२ च्या लीड्स कसोटीचंही तसंच. दुसऱ्या डावात भारताच्या खात्यावर एकही धाव नसताना चार गडी बाद झाले होते. त्यातले तीन पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनने टिपले होते. तिथून हजारे ५६ आणि फडकर ६४ करून गेले आणि डाव १६५ पर्यंत पोचला. सरासरीच्या खात्यात ५६ म्हणजे ५६. मैदानात त्या किती होत्या हे ठरवताना धावफलकावर आधी लिहिलेलं चार बाद शून्य पाहावं लागतं. म्हणून प्रत्येक मोठ्या खेळीपुढे मी एक रकाना घातला आहे : संघाच्या धावांत त्यांचा वाटा. ॲडलेडच्या दुसऱ्या डावात तो ५२ टक्के आहे.

हाच रकाना देशी क्रिकेटला लावला की डोळे विस्फारतात. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर झाला. हिंदू संघाने पाच बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०. 'इतर' संघ पहिल्या डावात १३३ वर आटोपला. त्यात हजाऱ्यांच्या ५९. दुसऱ्या डावात त्या संघाने ३८७ केल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, तिच्यात विवेक यांचा वाटा २१. सामना तरीही डावाने गेला.

या आकड्यामागे त्या काळचा समाज उभा आहे. पंचरंगी स्पर्धेत संघ धर्मावर पडत. हजारे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातले, वडील शिक्षक. म्हणून ते 'इतर' संघातून खेळत. त्या संघात ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे जे बाकीच्या चार संघांत बसत नसत ते सारे गोळा होत, आणि साहजिकच तो संघ दुबळा असे. मर्चंटना दुसऱ्या टोकाला नेहमी कुणीतरी भरवशाचा मिळे. हजाऱ्यांना तिथे बरेचदा एकट्याने ओढावं लागे. दोघांच्या धावा शेजारी मांडताना ही गोष्ट सुटली तर तुलना लंगडी पडते. ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली, आणि ते बरंच झालं.

तिसरं प्रकरण मर्चंट आणि हजारे या दोन विजयांचं. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये मर्चंट यांची सरासरी ७१.६४ आहे, जगात त्यांच्या पुढे मोठ्या कारकिर्दीचे ब्रॅडमनच. हजाऱ्यांच्या २३८ सामन्यांत १८,७४० धावा, ६० शतकं, सरासरी ५८.३८. इथे मर्चंट सरळ पुढे आहेत आणि ते मान्य करायला हवं. मात्र हजाऱ्यांनी याच सामन्यांत ५९५ बळीही घेतले, आणि दिवसभर गोलंदाजी करून पॅड बांधणाऱ्याच्या धावांना थोडं वेगळं माप लागतं.

कसोटीत चित्र बदलतं. मर्चंट यांच्या दहाही कसोटी इंग्लंडविरुद्धच्या. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून त्यांची निवड झाली होती, पण प्रकृतीमुळे ते गेले नाहीत. रुसी मोदीही गेले नाहीत. लिंडवॉल आणि मिलर यांना तोंड देण्याची वेळ त्या उंचीवरच्या तिघांपैकी एकट्या हजाऱ्यांवर आली. १९५१ च्या दिल्ली कसोटीत दोघे एकाच डावात खेळले : मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४, तिसऱ्या गड्यासाठी २११. मर्चंट यांची ती शेवटची कसोटी ठरली. या दोघांच्या चढाओढीवर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. माझं मत मी लपवत नाही : देशी क्रिकेटमध्ये मर्चंट, कसोटीत हजारे. ०.०७ चा फरक दहा कसोटी विरुद्ध तीस, आणि एक प्रतिस्पर्धी विरुद्ध चार, या फरकापुढे टिकत नाही.

चौथं प्रकरण देशी धावांच्या सुबत्तेबद्दल आहे आणि ते मुद्दाम थोडं कठोर लिहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-ऑस्ट्रेलियातलं मोठं क्रिकेट जवळजवळ थांबलं, आपल्याकडे ते चालू राहिलं, आणि इथल्या खेळपट्ट्या फलंदाजांचे लाड करणाऱ्या. हजाऱ्यांनी १९३९-४० मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध गुल महंमद ३१९ आणि हजारे २८८ यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. कुठल्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. १९४८-४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या एकाच सामन्यात २,३७६ धावा झाल्या. त्याच हंगामात पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते आणि काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. अशा काळातली नुसती प्रथम श्रेणी सरासरी पुराव्याला पुरत नाही. म्हणूनच या पुस्तकाचा भर कसोटींवर आहे.

पाचव्या प्रकरणात हजारे जगाच्या रांगेत उभे आहेत. एव्हर्टन वीक्स ५८.६१, क्लाइड वॉलकॉट ५६.६८, हटन ५६.६७, डडली नोर्स ५३.८१, डेनिस कॉम्प्टन ५०.०६, फ्रँक वॉरेल ४९.४८, नील हार्वी ४८.४१, त्यानंतर हजारे ४७.६५, आणि त्यांच्या मागे लिंडसे हॅसेट ४६.५६ व आर्थर मॉरिस ४६.४८. ब्रॅडमन कुठल्याच रांगेत मावत नाहीत, त्यांना बाहेर ठेवलं आहे. किती डावांमागे एक शतक हे पाहिलं तर हजारे ७.४, हटन ७.३, कॉम्प्टन ७.७.

आता या रांगेत कोण कुठून आलं ते पाहू. हॅसेट, मॉरिस, हार्वी यांना कसोटीत लिंडवॉल-मिलर यांच्यासमोर कधी उभं राहावं लागलं नाही, ते त्यांच्याच संघात होते. हटन आणि कॉम्प्टन १९३७ मध्येच कसोटी खेळू लागले; युद्धाने त्यांची उमेदीची वर्षं खाल्ली, पण त्याआधी दोन-तीन हंगाम पदरात पडले होते. भारत १९३६ नंतर थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला. त्या दहा वर्षांत हजारे एकविसाचे एकतीस झाले. पहिली कसोटी लॉर्ड्‌सवर, वय ३१ वर्षं ३ महिने. पुढे फेब्रुवारी १९४९ ते नोव्हेंबर १९५१ या काळात भारताची एकही अधिकृत कसोटी झाली नाही. मधल्या वर्षांत राष्ट्रकुल संघ येऊन गेले, पण त्यांच्याविरुद्धच्या धावा कसोटीत धरत नाहीत. एवढा खंड पडूनही फेब्रुवारी १९४९ ची मुंबई कसोटी १२२, नोव्हेंबर १९५१ ची दिल्ली नाबाद १६४ आणि त्यापाठची मुंबई १५५ अशी लागोपाठ तीन कसोटींत त्यांची शतकं आहेत. मधली पावणेतीन वर्षं कोरी गेली नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज पुस्तकात कुठेही केलेला नाही. जे झालं तेवढंच पुरेसं आहे.

पद्धतीच्या मर्यादा सांगून ठेवतो. पाच जणांची मध्यम काढताना मी पाच सरासऱ्यांची सरासरी घेतली आहे; डावांच्या संख्येचा भार त्यात नाही. मुश्ताक अली १९३४ मध्ये आले, अधिकारी आणि रॉय हजाऱ्यांनंतरही बरीच वर्षं खेळले, त्यामुळे काळ तंतोतंत जुळत नाही. नाबाद डावांमुळे सरासरी फुगते अशी तक्रार नेहमी होते. हजाऱ्यांचे ५२ पैकी फक्त ६ डाव नाबाद आहेत, तेव्हा ती इथे फारशी लागू नाही. आणि नेतृत्वाचं ओझं मोजायला रकाना नाही. १४ कसोटींत ते कर्णधार होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि त्या विजयाचं श्रेय बारा बळी घेणाऱ्या मंकडांचं. १९६० मध्ये सरकारने जसू पटेल यांच्याबरोबर हजाऱ्यांना पद्मश्री दिली. क्रिकेटपटूंना मिळालेल्या त्या पहिल्या दोन पद्मश्री.

पुस्तकाच्या शेवटी काही तक्ते कोरे सोडले आहेत. केळशीत, उटंबरला, वेळासला सामने भरवणाऱ्या मंडळींनी ते वापरावेत. एका हंगामात, एका मैदानावर, निदान पाच डाव खेळलेले पाच जण घ्यावेत, त्यांची मध्यम काढावी, तिला १०० धरावं आणि ज्याच्या नावाचा गावात डंका आहे त्याच्या सरासरीला तिने भागून शंभराने गुणावं. गणित सातवीचं आहे. १२० आले तर पोरगा चांगला. १३० आले तर तालुक्याच्या निवडीला पाठवावा. आणि पाच वर्षं सलग १४९ आले, तर तो कितीही मुखदुर्बळ असो, फलंदाजी त्याच्याभोवतीच रचावी.

केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी
— संकलक